सरळमार्गी माणसाची चोरवाट

ना गुंड, ना गल्लीतला दादा. कुणी इंजिनीअर, कुणी शाळामास्तर, कुणी जेलमधला वॉर्डर. घरात आई-वडील, बायको-मुलं, कर्जाचे हप्ते, सणवार... आणि आतल्या खोलीत अमली पदार्थांचा धंदा! पोलिसांच्या जाळ्यात हल्ली अशी माणसं का सापडू लागली आहेत?

चामराजपेठ हा जुन्या बेंगळुरूचा भाग. इथं परदेशी टपालाचं पोस्ट ऑफिस आहे. अमेरिकेतल्या भाच्यानं पाठवलेली चॉकलेटं, लंडनहून मागवलेली पुस्तकं, थायलंडहून आलेल्या क्रीमच्या बाटल्या... सारं काही इथं उतरतं, तपासलं जातं आणि मग पोस्टमनच्या पिशवीत पडतं. २०२४ मध्ये शहर पोलिसांच्या सेंट्रल क्राइम ब्रँचनं इथल्या पार्सलांच्या ढिगाऱ्याला माग काढणारं कुत्रं लावलं. संशयास्पद पार्सलं बाजूला काढता काढता आकडा गेला ६०६ वर! आत गांजा होता, एलएसडीचे कागद होते, एमडीएमएच्या गोळ्या, कोकेन, चरस, हेरॉइन... पोलिसांनी या मालाची किंमत लावली २१ कोटी रुपयांहून अधिक.

आकडा मोठा आहे, पण खरा विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. ही ६०६ पार्सलं मागवली कुणी? माफिया टोळीचा म्होरक्या पोस्टानं माल मागवत नाही. त्याच्याकडे बोटी असतात, ट्रक असतात, माणसं असतात. पोस्टानं मागवतो तो, ज्याच्याकडे एक लॅपटॉप आहे, बऱ्यापैकी इंग्रजी आहे, थोडं तांत्रिक डोकं आहे आणि 'आपण कुठं काय मोठं करतोय' असं म्हणणारं मन आहे. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखाच कुणीतरी.

म्हणून हा विषय बेंगळुरूचा असला, तरी तो मराठी घरापासून दूर नाही. (सरकारदरबारी हे शहर २०१४ पासून बेंगळुरू झालं. आपल्या तोंडी मात्र अजून बंगलोरच आहे!) पुण्या-कोल्हापूरच्या, नागपूर-नाशिकच्या कुठल्याही सोसायटीत जा, एखादं तरी पोर तिकडं नोकरीला असतंच. चौघांत मिळून फ्लॅट, नाहीतर पीजी. आठवड्यातून दोनदा घरी फोन, दिवाळीला रात्रीच्या बसनं गावी. त्याचा दिवस कसा जातो, हे आई-वडिलांना ठाऊक असतं ते त्यानं सांगितलं तेवढंच.

'गर्द'च्या पलीकडे

आपल्याकडे अमली पदार्थांचं चित्र डोक्यात बसलं ते ऐंशीच्या दशकात. ब्राऊन शुगरला मराठीत 'गर्द' हा शब्द रुळला तो तेव्हाच. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं आणि १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. त्या काळातला गर्दुल्ला ओळखू यायचा. खोल गेलेले डोळे, मळके कपडे, घरातली भांडी विकणारा हात. आणि त्याला पुडी विकणारा? तो तर हिंदी सिनेमातून पाठच झालेला! काळा गॉगल, गळ्यात साखळी, मागंपुढं दोन पंटर.

हे चित्र आजही डोक्यातून जात नाही आणि घोटाळा तिथंच होतो. इस्त्रीचा शर्ट घालणारा, सकाळी मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडणारा, शेजाऱ्यांना 'काय काका, बरं ना?' म्हणणारा माणूस त्या चित्रात कुठंच बसत नाही. त्यामुळे त्याच्याकडे कुणी पाहतही नाही.

जून २०२५ च्या अखेरीस केरळमध्ये नेमका असाच एक माणूस नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरोच्या, म्हणजे एनसीबीच्या हाती लागला. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या मूवाट्टुपुळा या गावचा मेकॅनिकल इंजिनीअर. त्याचं नाव इथं देण्याचं कारण नाही. आरोप सिद्ध व्हायचे ते कोर्टात होतात, हे त्याच्याबद्दल आणि या लेखात पुढं येणाऱ्या आरोपींबद्दलही लक्षात ठेवायला हवं. एनसीबीनं जाहीर केलेली हकीकत अशी: २८ जूनला कोचीत टपालाची तीन पार्सलं पकडली गेली. त्यात एलएसडीचे २८० तुकडे होते. एलएसडी हे रसायन ब्लॉटिंग पेपरसारख्या कागदात मुरवतात आणि त्याचे पोस्टाच्या तिकिटाहून लहान तुकडे विकतात. पार्सलं टाकणाऱ्याचा माग काढत अधिकारी दुसऱ्या दिवशी या इंजिनीअरच्या घरी पोचले. घरात आणखी ८४७ तुकडे, १३१ ग्रॅमहून अधिक केटामाईन आणि संगणकावरच्या चलनात साठवलेले सुमारे ७० लाख रुपये मिळाले.

घरात म्हणजे कुठं गोदामात नव्हे. राहत्या घरात!

इंटरनेटच्या ज्या चोरकप्प्याला 'डार्कनेट' म्हणतात, तिथं या माणसाचं म्हणे दुकान होतं. नाव 'केटामेलॉन'. दोन वर्षं ते चालू होतं आणि त्याला 'लेव्हल फोर'चा दर्जा मिळालेला होता. हा दर्जा काय प्रकार आहे, ते ऐकण्यासारखं आहे. आपण ऑनलाइन मिक्सर मागवला की कंपनी विचारते, माल कसा होता, वेळेवर मिळाला का, किती तारे द्याल? तिथंही तसंच. माल किती कडक, पॅकिंग कसं, तक्रार केली तर उत्तर मिळतं का, यावर दुकानदाराचा दर्जा पाचपैकी ठरतो. या गृहस्थानं तिथं चौथी पायरी गाठली होती. माल मुख्यतः इंग्लंडमधल्या पुरवठादाराकडून यायचा आणि पुढं जायचा बेंगळुरू, चेन्नई, भोपाळ, पाटणा, दिल्ली, थेट हिमाचल आणि उत्तराखंडपर्यंत. एनसीबीनं दिलेल्या शहरांच्या यादीत पहिलं नाव बेंगळुरूचं आहे.

घरच्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, असं तेव्हाच्या बातम्यांतून आलं. ते खरं असेल तर त्यात नवल काय? मुलगा संगणकासमोर बसलेला असतो. हल्ली सगळेच बसलेले असतात. तो अधूनमधून पोस्टात जाऊन पाकिटं टाकून येतो. ऑनलाइन धंदा करणारी सगळीच माणसं टाकतात. संगणकावर काम करणारा मुलगा घरात असला की त्याचं काम नक्की काय, हे विचारण्याची सोयच आई-बापांना उरलेली नाही. विचारलं तर 'तुम्हाला नाही कळणार' हे उत्तर ठरलेलं असतं. आणि खरंच कळत नाही!

पहिली पायरी मित्रांसाठी

असा माणूस एके दिवशी उठून ठरवत नाही, की आजपासून आपण अमली पदार्थ विकायचे. आधी तो स्वतःसाठी घेतो. शनिवारची पार्टी, कुणाचा तरी वाढदिवस, गोव्याची सहल. मग त्याला 'कुठं मिळतं' ते कळतं आणि ज्याला कळतं त्याच्याकडे इतर चौघे येतात. 'तू मागवतोच आहेस तर आमच्यासाठीही मागव, पैसे वाटून घेऊ.' चौघांची ऑर्डर एकत्र दिली तर स्वस्त पडते. पुढच्या खेपेला चौघांचे आठ होतात. मग त्याच्या लक्षात येतं, की सगळ्यांना पैसे वाटून दिले तरी आपला वाटा फुकट निघाला. त्यापुढच्या महिन्यात थोडे उरलेही. त्याच सुमारास नोकरी गेलेली असते, किंवा घराचा हप्ता वाढलेला असतो, नाहीतर शेअर बाजारात हात पोळलेले असतात. अशा वेळी उरलेले पैसे 'मिळकत' वाटू लागतात.

यातल्या कुठल्याही टप्प्यावर त्याला आपण गुन्हेगार झालो असं वाटत नाही. कुणाच्या अंगाला हात लावलेला नसतो, चाकू-पिस्तूल पाहिलेलं नसतं, गिऱ्हाईकाचं तोंडही पाहावं लागत नाही. बेंगळुरूत तर माल एखाद्या झाडाच्या बुंध्याशी किंवा कंपाउंडच्या फटीत ठेवायचा आणि जागेचा फोटो मोबाइलवर पाठवायचा, ही पद्धत पोलिसांना अनेकदा आढळली आहे. विकणारा आणि घेणारा समोरासमोर येतच नाहीत. समोर माणूस नसला की शरमही वाटत नाही.

जगातलं याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण रॉस उलब्रिक्टचं. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातलं चांगल्या घरचं पोर. पदार्थविज्ञान शिकलेला, पुढं मटेरियल सायन्समध्ये मास्टर्स केलेला. २०११ मध्ये त्यानं 'सिल्क रोड' नावाचा डार्कनेटवरचा बाजार उघडला. दुकान उघडलं आणि विकायला माल नाही, म्हणून सुरुवातीला नशा आणणारी अळंबी त्यानं स्वतः पिकवली! दोन वर्षांत तो जगातला सर्वांत मोठा ऑनलाइन अमली बाजार झाला. आणि हा स्वतः राहत होता सॅन फ्रान्सिस्कोत, दुसऱ्यांच्या घरातल्या भाड्याच्या खोलीत. घरातले इतर त्याला 'जॉश' म्हणून ओळखत. भाडं वेळेवर देणारा, शांत मुलगा. १ ऑक्टोबर २०१३ रोजी एफबीआयनं त्याला पकडलं ते सार्वजनिक वाचनालयात, समोरचा लॅपटॉप चालू असताना. लॅपटॉप बंद झाला असता तर पुरावा कुलपात गेला असता. म्हणून साध्या कपड्यातल्या दोन पोलिसांनी त्याच्या पाठीमागं नवरा-बायकोचं भांडण असावं तसा आरडाओरडा केला. हा वळून बघतो तोच लॅपटॉप उचलला गेला. २०१५ मध्ये त्याला जन्मठेप झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी माफी दिल्यानं तो सुटला. सुटकेसाठी त्याच्या आईनं वर्षानुवर्षं मोहीम चालवली होती.

मास्तर रजेवर आहेत

पोस्टानं येणाऱ्या मालाखेरीज दुसरी एक वाट आहे. ती आपल्या महाराष्ट्राच्या जास्त जवळून जाते. ही वाट रसायनांची आहे.

मेफेड्रोन, म्हणजे 'एमडी', किंवा पोरांच्या भाषेत 'म्याऊ म्याऊ', हे खसखशीच्या शेतात किंवा गांज्याच्या मळ्यात पिकत नाही. ते प्रयोगशाळेत बनतं. आपल्याकडे ते अमली पदार्थांच्या यादीत आलं फेब्रुवारी २०१५ मध्ये. तोवर मुंबईत त्याचा सुळसुळाट झालेला होता. जे बनवावं लागतं, त्याला बनवणारा लागतो. आणि बनवणारा कोण? ज्याला रसायनशास्त्र येतं तो. गुंडाला ते येत नाही, त्यामुळे गुंडाला गरज पडते शिकलेल्या माणसाची.

जुलै २०२५ मध्ये राजस्थानात श्रीगंगानगरला एनसीबीनं एका फ्लॅटवर छापा घातला. आत दोघे जण मेफेड्रोन बनवत असल्याचा आरोप आहे. दोघेही शिक्षक! मुलांना विज्ञान शिकवणारे. फ्लॅट भाड्यानं घेतलेला, चांगल्या वस्तीतला. एनसीबीच्या म्हणण्यानुसार, माल बनवायचा असला की हे शाळेतून रजा घ्यायचे. अडीचेक महिन्यांत पाच किलोच्या आसपास माल तयार झाला आणि चार किलोंहून अधिक विकलाही गेला. उरलेला ७८० ग्रॅम छाप्यात मिळाला. विकलेल्या मालाची किंमत १५ कोटींच्या घरात सांगितली गेली. शाळेच्या हजेरीपटावर त्या दिवसांपुढं 'रजा' असंच लिहिलेलं असणार!

त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात मेथअँफेटामाईनचा कारखाना सापडला आणि ९५ किलो माल जप्त झाला. पकडलेल्यांत एक दिल्लीचा व्यापारी होता, एक मुंबईचा केमिस्ट होता आणि एक होता तिहार जेलचा वॉर्डर. कैद्यांवर नजर ठेवण्याची ज्याची नोकरी, तो स्वतः तशाच गुन्ह्यात अडकला! व्यापारी आधी अशाच एका प्रकरणात तिहारमध्ये होता. ओळख तिथंच झाली, असं तपास यंत्रणेचं म्हणणं.

महाराष्ट्रात सर्वांत मोठा धक्का बसला फेब्रुवारी २०२४ मध्ये. पुणे पोलिसांनी सोमवार पेठेत थोडासा माल पकडला आणि धागा ओढत गेले. धागा पोचला विश्रांतवाडीच्या एका गोदामात. तिथं मेफेड्रोन ठेवलेलं होतं मिठाच्या पुड्यांच्या आडोशाला. पांढऱ्यात पांढरं! तिथून धागा गेला दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यात, तिथून दिल्लीत आणि सांगलीजवळच्या कुपवाडला. सगळा मिळून माल भरला १८०० किलोंहून अधिक. किंमत साडेतीन हजार कोटींच्या वर.

कुरकुंभच्या रस्त्यानं सोलापूरला जाणारी माणसं रोज त्या कारखान्यांच्या धुराड्यांकडे पाहत जातात. धुराड्यावर पाटी नसते. औषधाचा कच्चा माल बनवणारं यंत्र आणि अमली पदार्थ बनवणारं यंत्र, दोन्ही दिसायला सारखीच. ऑर्डर नसलेला, बँकेच्या व्याजात बुडालेला छोटा कारखानदार अशा वेळी कुणाच्या तरी 'फक्त भट्टी वापरू द्या, बाकी आमचं आम्ही बघतो' या बोलण्याला भुलतो. हे आजचं नाही. नव्वदच्या दशकात दक्षिण आफ्रिकेत जाणाऱ्या मँड्रॅक्सच्या गोळ्या पश्चिम भारतातल्या अशाच बंद आणि अर्धवट चालू कारखान्यांत बनत होत्या.

आणि नाशिकची हकीकत तर अजून लोकांच्या स्मरणात आहे. मेफेड्रोनच्या प्रकरणातला कैदी ललित पाटील २ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयातून पळाला. त्यानंतर काही दिवसांतच मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिकजवळ शिंदे गावात मेफेड्रोनचा कारखाना उघडकीस आणला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार कारखाना चालवत होता त्याचा भाऊ. एका घरातले दोन मुलगे! भाऊ सापडला उत्तर प्रदेशात. आणि पंधरा दिवस पोलिसांना चकवणारा ललित शेवटी पकडला गेला तो बेंगळुरूजवळ. मोठं शहर, परकी भाषा, कुणी कुणाला विचारत नाही. लपायला याहून बरी जागा कोणती? याच साकीनाका पोलिसांना जुलै २०२५ मध्ये पुन्हा कर्नाटकात जावं लागलं. म्हैसूरमध्ये त्यांनी मेफेड्रोनचा कारखाना पकडला. माल पावणेचारशे कोटींच्या वरचा.

तुकड्यातुकड्यांचा धंदा

या सगळ्या हकीकती शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट नजरेत भरते. हा धंदा आता तुकडे करून वाटला जातो. एकानं फक्त रसायन बनवायचं. दुसऱ्यानं फक्त गोदामाची किल्ली द्यायची. तिसऱ्यानं फक्त टेम्पो चालवायचा. चौथ्यानं आपलं बँक खातं पंधरा दिवस वापरू द्यायचं. पाचव्यानं पार्सल घेऊन ते खालच्या वॉचमनकडे ठेवायचं. प्रत्येकाला वाटतं, आपण केलं काय? एक छोटंसं काम! धंदा दुसऱ्याचा आहे, आपण मदत केली. साध्या माणसाला या धंद्यात ओढण्याची युक्ती हीच. त्याला कुणी सबंध धंदा करायला सांगितलं असतं, तर तो घाबरून पळाला असता.

कायदा मात्र असे तुकडे करत नाही.

१९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, तो आपल्या देशातल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी एक. शिक्षा ठरते ती मालाच्या वजनावर. 'व्यापारी प्रमाण' म्हणून कायद्यानं जी मर्यादा घातली आहे, तिच्यावर माल गेला की किमान दहा वर्षं सक्तमजुरी, वीस वर्षांपर्यंत वाढू शकणारी, आणि एक ते दोन लाख दंड. ही मर्यादा गांजाला २० किलो आहे, हेरॉइनला २५० ग्रॅम, मेफेड्रोनला ५० ग्रॅम. म्हणजे पोहे खायच्या वाटीत मावेल इतकं. एमडीएमएला १० ग्रॅम. आणि एलएसडीला? एक दशांश ग्रॅम! शिवाय २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं असं म्हटलं, की एलएसडी ज्या कागदात मुरवलेलं असतं त्या कागदाचं वजनही धरायचं. मग चौघा मित्रांसाठी मागवलेले डझन-दोन डझन कागदी तुकडे दहा वर्षांच्या शिक्षेच्या हद्दीत कधी गेले, हे मागवणाऱ्याला कळतसुद्धा नाही. आणि माल परदेशातून आला असेल, तर कायद्याच्या लेखी तो आयात करणारा ठरतो. मित्रांनी वाटून दिलेले पैसे त्याला वाचवत नाहीत.

जामिनाचं तर विचारूच नका. इतर बहुतेक गुन्ह्यांत जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद असं वकील सांगतात. इथं व्यापारी प्रमाण असलं, की आरोपी दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण आहे, अशी न्यायाधीशांची आधी खात्री व्हावी लागते. मग जामीन. त्यामुळे खटला उभा राहण्याआधीच दोन-तीन वर्षं आत काढलेले लोक सापडतात. शिवाय माल ताब्यात मिळाला, की 'मला ठाऊक नव्हतं' हे आरोपीलाच पटवून द्यावं लागतं. एरवी गुन्हा सिद्ध करण्याचा सारा भार सरकारवर असतो. इथं त्यातला मोठा वाटा आरोपीच्या डोक्यावर येतो.

घरच्यांच्या दृष्टीनं आणखी एक कलम महत्त्वाचं आहे आणि ते फारच थोड्यांना माहीत असतं. या धंद्याच्या पैशातून घेतलेली मालमत्ता सरकार गोठवू शकतं आणि जप्त करू शकतं. आरोपीच्या नावावरची तर करतंच, पण नातेवाइकांच्या नावावरचीही! मुलानं आईच्या नावानं घेतलेला फ्लॅट, बायकोच्या नावाची ठेव... त्यासाठीचे पैसे सरळ मार्गानं आले, हे घरच्यांना दाखवावं लागतं. ज्या घराला धंद्याचा पत्ता नव्हता, त्या घराचं छप्पर असं जातं.

घरमालकांनाही हा कायदा सोडत नाही. आपली जागा अशा कामासाठी जाणूनबुजून वापरू दिली, तर मालकही आरोपी होतो. बेंगळुरूत घरमालक दहा-दहा महिन्यांचं डिपॉझिट मागतात. मांसाहार करता का विचारतात, लग्न झालंय का विचारतात, रात्री मित्र येतील का विचारतात. खोक्यांतून काय आलं, खिडक्यांना दिवसरात्र जाड कागद का चिकटवलाय आणि जिन्यात रसायनाचा वास कसला येतो, हे मात्र विचारत नाहीत. भाडं वेळेवर येत असतं ना!

घरच्यांनी काय पाहायचं?

मुलाच्या खोलीची झडती घ्या, त्याचा फोन तपासा, असं सांगणारे सल्ले पुष्कळ मिळतात. पंचविशीतल्या, शेकडो मैलांवर राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत त्यांचा उपयोग शून्य. मला विचाराल तर खाणाखुणा पैशात शोधाव्यात, डोळ्यांत नव्हे. धंदा करणारा माणूस बहुधा टुणटुणीत दिसतो. पण पगार साठ हजार आणि खर्च दीड लाखाचा, हे गणित लपत नाही. नोकरी सोडून वर्ष झालं, तरी हप्ते चुकत नाहीत. 'फ्रीलान्सिंग करतो' म्हणतो, पण गिऱ्हाईक कोण, ते कधी सांगत नाही. बँकेच्या खात्यात पगार दिसत नाही आणि हातात रोकड मात्र दिसते. मित्राचं पार्सल आपल्या पत्त्यावर मागवतो, किंवा आपलं मित्राच्या. आपल्याकडे मुलाला पगार विचारणं जिवावर येतं. जास्त पैसे पाठवले की कौतुक होतं, 'कुठून आले' असं कुणी विचारत नाही. कमी पाठवले की मात्र चौकशी!

इथं एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. 'तुमच्या नावानं आलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, आम्ही पोलीस बोलतोय, व्हिडिओवर या, पैसे भरा' अशा फोननी बेंगळुरू, मुंबई, पुण्यात अनेकांची आयुष्यभराची कमाई लुटली आहे. ही निव्वळ फसवणूक. खरे पोलीस व्हिडिओवर अटक करत नाहीत आणि जामिनासाठी खात्यात पैसे भरायला सांगत नाहीत. असा फोन आला तर ठेवून द्या आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर कळवा.

खरी शंका आली तर? केंद्र सरकारनं जुलै २०२४ मध्ये 'मानस' ही हेल्पलाइन सुरू केली, क्रमांक १९३३. अमली पदार्थांच्या विक्रीची माहिती तिथं नाव न सांगता देता येते. व्यसनातून सुटण्यासाठी मदत हवी असेल तर १४४४६ हा वेगळा क्रमांक आहे. बेंगळुरूत निमहान्सचं व्यसनमुक्तीचं केंद्र आहे, पुण्यात मुक्तांगण आहे. तिथं येणाऱ्यांत कंपन्यांत काम करणारी शिकली-सवरलेली माणसंही असतात, त्यामुळे 'लोक काय म्हणतील' या धास्तीनं दार टाळायचं कारण नाही.

एनडीपीएस कायद्यातच, सगळ्या कडक कलमांच्या गर्दीत, ६४-अ नावाचं एक कलम आहे. व्यसनात अडकलेला माणूस, ज्याच्याकडे स्वतःपुरता थोडा माल सापडला आहे, तो आपण होऊन सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला आणि उपचार पुरे केले, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. बेंगळुरूच्या पीजीतलं जे पोर अजून फक्त स्वतःसाठी घेतंय, त्याला या कलमाचा आसरा आहे. ज्यानं चौघांसाठी ऑर्डर दिली आणि आपल्या वाट्याचे पैसे काढून घेतले, त्याला तो मिळत नाही.